नववीच्या विज्ञानाची तेरीज

मी बी. कॉम. आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे घडलं त्याबद्दल माझ्या विज्ञानाच्या ज्ञानाला कुणी दोष देणार नाही. जे नाहीच, त्याला दोष कसा द्यायचा?

अमेरिकेत येण्याआधी मी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात अकरा वर्षं तेरजा जुळवल्या. आता टेक्सासात डॅलसच्या जवळ एका हायस्कूलमध्ये नववीला विज्ञान शिकवते. हायस्कूल आमच्या जेवणाच्या टेबलावर भरतं. पटावर विद्यार्थिनी एक. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, परीक्षक आणि कारकून मीच. घंटा कुकरची होते, आणि तास संपल्यावर फळा पुसायला शिपाई म्हणून पुन्हा मीच.

२०२० साली सगळं जगच घरी शिकत होतं. पुढे शाळा उघडल्या, बाकीची मुलं परत गेली. आमची कन्या म्हणाली, "इथे बरं चाललंय की." बरं चाललं होतं हे खरं, कारण तोपर्यंत विज्ञान म्हणजे कुंडीत मेथी पेरणं आणि चंद्राच्या कला वहीत रंगवणं. मेथीची पुढे भाजी व्हायची, त्यामुळे प्रयोगाचा खर्चही वसूल व्हायचा. मग ती चौदा वर्षांची झाली आणि नववी आली.

आपल्याकडे नववी म्हणजे दहावीची रंगीत तालीम. नववीचे मार्क पुढे कुणी विचारत नाही. लग्नाच्या बायोडेटातसुद्धा ते नसतात. अमेरिकेत नववी हे हायस्कूलचं पहिलं वर्ष, आणि त्या वर्षापासूनचा प्रत्येक विषय, प्रत्येक ग्रेड कॉलेजकडे जाणाऱ्या गुणपत्रकात उतरतो. घरी शिकणाऱ्या मुलीचं ते गुणपत्रक तिची आई तयार करते आणि आईच सही करते. स्वतःच्या मुलीला 'ए' देताना माझा हात थरथरेल की नाही, याची काळजी मला मे महिन्यातच लागली.

पहिल्यांदा मी कायदा पाहिला. हिशेबनिसाची सवय. शिकवायचं काय ते नंतर, आधी नियम काय सांगतो? टेक्सासात घरच्या शाळेला खाजगी शाळेचा दर्जा आहे. १९९४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'लीपर' खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केलं. शिकवायचे विषय पाच: वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. मी यादी दोनदा वाचली. विज्ञान नव्हतंच. म्हणजे ज्या राज्यातल्या ह्यूस्टनहून माणसाच्या चांद्रमोहिमांची सूत्रं हलली, तिथे मी मुलीला विज्ञानाचं अक्षर शिकवलं नाही तरी चालेल, फक्त तिने सिग्नल तोडता कामा नये.

पण कॉलेजांना विज्ञान हवं असतं, आणि तेही प्रयोगांसकट. त्यासाठी 'क्रेडिट' लागतं. एक क्रेडिट म्हणजे साधारण एकशेवीस तासांचा अभ्यास. हे तास कुठून आले ते शोधलं, तर मुळाशी सापडली पेन्शन. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी कॉलेजच्या प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. त्यांच्या प्रतिष्ठानाने अट घातली की ज्या कॉलेजांना पेन्शन हवी, त्यांनी प्रवेशासाठी हायस्कूलचे विषय ठरावीक तासांच्या मापाने मोजावेत. पेन्शन म्हटल्यावर प्राध्यापक काय, कुणीही मोजेल. तेव्हापासून ज्ञान तासांवर विकलं जातं. माझे सासरे अप्पा कराडच्या हायस्कूलमधून विज्ञानशिक्षक म्हणून निवृत्त झालेले. ते हे ऐकून खूश झाले. "म्हणजे शिक्षणाचा आणि पेन्शनचा संबंध तिकडेही आहे म्हणायचा," असं व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणाले, आणि जूनमध्ये सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले.

अप्पांच्या बॅगेत दोन किलो मेतकूट, आईंनी दिलेला पितळी तांब्या आणि बालभारतीचं नववीचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' एवढा ऐवज निघाला. पुस्तक टेबलावर ठेवून ते म्हणाले, "घे. प्रश्न मिटला."

मी चाळलं. गतीचे नियम, धाराविद्युत, आम्ल-आम्लारी, वनस्पतींचं वर्गीकरण, सगळं एकाच पुस्तकात. "अप्पा," मी म्हटलं, "इथे असं चालत नाही. इथे नववीला वर्षभर एकच शास्त्र."

"एकच? बाकीची?"

"दहावीला दुसरं, अकरावीला तिसरं."

अप्पा विचारात पडले. आपल्याकडे विज्ञान हे ताट आहे: डावीकडे थोडं जीवशास्त्र, उजवीकडे रसायन, मध्ये भौतिकशास्त्राचा भात. अमेरिकेत एक वर्ष नुसती चटणी, दुसऱ्या वर्षी नुसती आमटी आणि तिसऱ्या वर्षी नुसता भात. तोपर्यंत आमटी कशाशी खायची असते ते मूल विसरलेलं असतं.

बहुतेक शाळांत हा क्रम ठरलेला: आधी जीवशास्त्र, मग रसायन, मग भौतिक. याची मुळं शोधणारे १८९२ साली नेमलेल्या 'दहा जणांच्या समिती'पर्यंत जातात. हार्वर्डचे चार्ल्स एलियट तिचे अध्यक्ष. त्या काळातलं जीवशास्त्र म्हणजे पानं, फुलं, पाकळ्या मोजणं. डीएनएची रचना कळायला १९५३ साल उजाडायचं होतं. आज नववीचं जीवशास्त्राचं पुस्तक उघडावं तर सुरुवातीलाच प्रथिनं आणि एन्झाइम. ज्या मुलाला अजून रेणू म्हणजे काय ते माहीत नाही, त्याने ते सगळं श्रद्धेने मान्य करायचं. म्हणून लिऑन लेडरमन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी, ज्यांना १९८८ चं नोबेल मिळालं, उतारवयात मोहीमच काढली की क्रम उलटा करा. भौतिक आधी, त्यावर रसायन, त्यावर जीव. पाया, भिंत, छप्पर.

मला मात्र त्या जुन्या क्रमात वेगळंच काही दिसलं. बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स: बी, सी, पी. हा टेलिफोन डिरेक्टरीचा क्रम आहे! मी उत्साहाने मराठीतही लावून पाहिला. जीव, भौतिक, रसायन. म्हणजे मराठीतही जीवशास्त्रच पहिलं. बेडकाची सुटका कुठल्याच भाषेत नाही.

आता पुस्तकांकडे वळते. घरी शिकवणाऱ्या अमेरिकन कुटुंबांत श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे खास घरच्या शाळेसाठी लिहिलेल्या विज्ञानाच्या पुस्तकांतली बरीचशी त्यांच्यासाठी आहेत. त्यांतली काही इतकी सोपी आणि आपुलकीने लिहिलेली, की लेखक शेजारच्या खुर्चीवर बसून समजावतोय असं वाटावं. प्रयोग स्वयंपाकघरातल्या सामानावर होतील असे. मी जवळजवळ ऑर्डर देणारच होते, तेवढ्यात त्यातल्या एकात पृथ्वीच्या वयाचं प्रकरण आलं. सुमारे सहा हजार वर्षं. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलमधल्या पिढ्या मोजून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये ठरवला होता, त्याच वळणाचा हिशेब.

हिशेब म्हणून मला त्यांचं कौतुकच वाटलं. इतक्या पिढ्यांची बेरीज करायची म्हणजे खायचं काम नाही. पण अप्पा रोज पूजेत संकल्प सोडणारे. ते म्हणाले, "अगं, आपल्या कलियुगाचीच पाच हजारांवर वर्षं होऊन गेली. सहा हजारांत बाकीची तीन युगं कुठे बसवायची? दाटीवाटी होईल." मग त्यांनी कल्पाचा आकडा सांगितला, चार अब्ज बत्तीस कोटी वर्षं. शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय साडेचार अब्जांच्या आसपास सांगतात. अप्पा असे काही बसले, जणू तो आकडा त्यांनी स्वतः मोजून दिला होता. मी म्हटलं, "अप्पा, हा योगायोग आहे. विज्ञान नाही." ते म्हणाले, "असू दे. पण पुस्तक मागवू नकोस."

राहिली धर्माच्या भानगडीत न पडणारी पुस्तकं. त्यांत मिलर आणि लेव्हिन यांचं जीवशास्त्र प्रसिद्ध. अनुभवी आया त्याच्या आवृत्त्या सालाने नव्हे, मुखपृष्ठावरून ओळखतात: पोपटाचं पुस्तक, चतुराचं पुस्तक. मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात तासभर पोपट शोधत उभी होते. दुकानदाराने पाळीव प्राण्यांचा विभाग दाखवला.

इथे आमच्या यजमानांचा प्रवेश. ते इंजिनिअर. घरात कुठलाही निर्णय घ्यायचा तर ते आधी एक्सेलची शीट उघडतात. वॉशिंग मशीन घेतानाही उघडली होती आणि लग्नाआधीही उघडली असावी, असा माझा संशय आहे. या वेळी अकरा रकाने होते: किंमत, प्रयोगांची संख्या, पुस्तकाचं वजन, लेखकाची पात्रता वगैरे. प्रत्येक रकान्याला भारांक. रात्री जेवण झाल्यावर शीटने उत्तर दिलं: जीवशास्त्र. यजमान काही बोलले नाहीत. सकाळी शीट पुन्हा उघडली तेव्हा 'पुस्तकाचं वजन' या रकान्याचा भारांक शून्य झाला होता आणि 'लेखकाचा जीवनानुभव' असा बारावा रकाना आला होता. उत्तर आता आलं: भौतिकशास्त्र, पॉल हेविट यांचं.

हेविट यांचं पुस्तक १९७१ पासून निघतंय. गणित कमी, कल्पना जास्त, आणि चित्रं त्यांनी स्वतः काढलेली. भौतिकशास्त्राकडे वळण्याआधी हे गृहस्थ मुष्टियुद्ध खेळायचे आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे. जीवनानुभव म्हणजे हाच.

असली शीट माझ्या धंद्यात ओळखीची आहे. काही अशील मार्चअखेर येऊन सांगायचे, "मॅडम, नफा एवढा दाखवायचाय. खर्च त्या हिशेबाने बसवा." मी यजमानांना तसं म्हटलं, तर ते रागावले. पण नंतर चहा घेताना त्यांनी कबूल केलं, की बारावीला त्यांच्या भौतिकशास्त्राच्या सरांची वर्षभरात तीनदा बदली झाली. विद्युतचुंबकत्व त्यांनी गाइडातून पाठ केलं आणि आजतागायत ते कळलेलं नाही. उलट जीवशास्त्राचे सर कडक होते. त्यांनी झुरळाचं विच्छेदन दोनदा करून घेतलं. त्या झुरळाचं शास्त्रीय नाव पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. कराडमध्ये बसून यजमान ज्याची अन्ननलिका सोडवत होते, तो नावाने अमेरिकन होता. पुढे इथे आल्यावर गॅरेजमध्ये त्याची गाठ पडली तेव्हा त्यांना गाववाला भेटल्यासारखं झालं. मग कळलं की तो मूळचा इथलाही नाही. आफ्रिकेकडून जहाजांत बसून आलेला. म्हणजे आमच्यासारखाच, फक्त व्हिसा न घेता.

नंतर मी स्वतःचा रकाना तपासला. मला एकच गोष्ट हवी होती: प्रयोग. कुठल्याही शास्त्राचे चालतील, पण खरे. कारण माझ्या नववीत विज्ञानाची प्रयोगशाळा म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीमागचं एक कुलूपबंद कपाट होतं. काचेतून एक चंचुपात्र आणि दोन परीक्षानळ्या दिसायच्या. आम्ही ते बाहेरूनच पाहिलं, गाभाऱ्यातली मूर्ती पाहावी तसं. पण प्रयोगवही मात्र पूर्ण होती. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. हे सगळं मी मावसबहिणीच्या वहीवरून उतरवलं. तिने तिच्या मैत्रिणीच्या वहीवरून उतरवलं होतं. तिच्या वहीत 'लिटमस' ऐवजी 'लिटमास' होतं, माझ्यातही 'लिटमास'च आहे. निरीक्षण आम्ही घरी पलंगावर पालथं पडून केलं, आणि अनुमान तर आधीच ठाऊक होतं. दहापैकी दहा.

म्हणजे आम्ही तिघं मोठे टेबलाभोवती बसून एका मुलीसाठी कोर्स निवडतोय असं दिसत होतं, पण प्रत्येक जण आपापल्या नववीचं राहिलेलं येणं वसूल करत होता.

प्रयोगांसाठी मी चौकशी केली, तेव्हा एकीने सांगितलं, "को-ऑपला या." को-ऑप म्हटल्यावर सांगलीच्या मुलीला दुसरं काय आठवणार? मनात साखर कारखाना उभा राहिला. प्रत्यक्षात को-ऑप म्हणजे दर मंगळवारी एका चर्चच्या सभागृहात जमणाऱ्या पंधरा-वीस आया. प्रत्येकीने काहीतरी शिकवायचं आणि आपली मुलं दुसरीच्या हवाली करायची. भागभांडवल नाही, पॅनेल नाही, वार्षिक सभेत खुर्च्या फेकणं नाही. इतकी बिनविरोध सहकारी संस्था मी आयुष्यात पाहिली नव्हती. मला तर तिच्या हिशेबावरच संशय आला.

तिथे पाच मुलांना घरी शिकवून कॉलेजात पाठवलेल्या एका बाईंनी मला शहाणं केलं. त्या म्हणाल्या, तुम्हा नव्या मंडळींचं बरं आहे. पूर्वी टेक्सासात रसायनाच्या प्रयोगाला शंकुपात्र विकत घ्यायचं तर पोलीस खात्याचा परवाना लागायचा. मला थट्टा वाटली. थट्टा नव्हती. घरोघरी चोरून मादक द्रव्यं बनवणाऱ्यांना आळा घालायला राज्याने प्रयोगशाळेच्या काचसामानावर परवाना लावला होता, आणि तो २०१९ साली उठला. बंदूक विकत घ्यायला मात्र राज्याचा परवाना तेव्हाही लागत नव्हता आणि आताही लागत नाही. अप्पांना हे सांगितलं तर ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आमचं कपाट कुलूपबंद असायचं ते काही उगाच नाही."

जीवशास्त्राचं पारडं जड होतं ते को-ऑपमुळे. तिथे वर्ग भरणार होता, सूक्ष्मदर्शक होता, पोपटाचं पुस्तक होतं. फक्त सामानाची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली आणि माझ्या चिठ्ठीत निघाले बेडूक. अमेरिकेत बेडूक पोस्टाने येतात. जतन केलेले, प्लॅस्टिकमध्ये हवा काढून बंद केलेले, आपल्याकडे श्रीखंडाच्या वड्या येतात तसे. आमच्या घरी एक डझन यायचे होते. पार्सल आलं हरितालिकेच्या दिवशी. मी निर्जळी, घरात गणपतीची आरास अर्धी झालेली, आणि दारात खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: जतन केलेले नमुने.

"देव्हाऱ्यापासून किती फुटांवर चालतील?" मी अप्पांना विचारलं. यावर शास्त्रार्थ त्यांनाही आठवेना. त्यांच्या कॉलेजात पावसाळ्यात शिपाई ओढ्यावरून बेडूक धरून आणायचा, पण ते कॉलेजात राहायचे. घरी आणायची पद्धत नव्हती. शेवटी खोकं गॅरेजमध्ये गेलं, जिथे पेरिप्लॅनेटा अमेरिकाना आधीच होता. जीवशास्त्राचा विभाग आपोआपच तयार झाला.

त्या रात्री कन्या खोक्यापाशी बसली होती. तिला या सगळ्यात कुणी काही विचारलंच नव्हतं. शीटच्या बारा रकान्यांत 'विद्यार्थी' हा रकाना नव्हता. मी विचारलं, "तुला काय हवं गं?"

ती म्हणाली, "काहीही चालेल. पण उत्तर आधी सांगू नका."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

निर्णय शेवटी माझ्यातल्या हिशेबनिसाने घेतला. रसायनाला काच लागते, जीवशास्त्राला बेडूक. भौतिकशास्त्राच्या पहिल्या प्रयोगाला काय लागतं? दोरी. दोरी घरात होती. भौतिकशास्त्र मंजूर. बेडूक पुढच्याच मंगळवारी को-ऑपला रवाना झाले, आणि गौरी यायच्या आत मी गॅरेज दोनदा पुसून काढलं.

प्रयोग साध्या लंबकाचा. गॅरेजच्या छताला सायकल अडकवायचा आकडा आहे, त्याला दोरी. दोरीच्या खाली जड वस्तू हवी, तर आईंचा पितळी तांब्या, आत तांदूळ भरून. तांब्याच्या गळ्याभोवती फास घालून वर गाठ मारली. आकड्यापासून गाठीपर्यंत दोरी बरोबर शंभर सेंटिमीटर. कन्येने तांब्या जरासा बाजूला ओढला, सोडला आणि वीस झोके मोजले. बेचाळीस सेकंद. एक झोका दोन पूर्णांक एक सेकंदाचा. सूत्रात घातलं आणि गुरुत्वत्वरण आलं ८.९५.

यायला हवं होतं ९.८.

घरातल्या दोन पुरुषांपैकी एक लगेच जागा झाला. यजमान म्हणाले, "हवेचा अडथळा." मग म्हणाले, "स्टॉपवॉच." मग म्हणाले, "टेक्सासची उंची," आणि फोनवर शोधून गप्प बसले. अप्पा मात्र शांत होते. त्यांनी सवयीने पेन्सिल उचलली आणि म्हणाले, "वेळ चाळीस पूर्णांक एक लिही. बरोबर ९.८ येईल."

"पण बेचाळीस आलेत, आजोबा."

"आलेत गं. पण यायला हवेत चाळीस."

कन्येने वही मिटून छातीशी धरली. अप्पांनी पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ तांब्या एकटाच झुलत होता. मग ते म्हणाले, "चौतीस वर्षं मी प्रयोगवह्यांवर सही केली. सगळ्यांचं ९.८. एकदा एका पोराने ८.३ लिहिलं. मी त्याला खोडायला लावलं. पुढे तो जमिनी मोजायच्या कामाला लागला. आमच्या बांधाची मोजणी त्यानेच केली, आणि तसूभर चुकला नाही." जरा थांबून म्हणाले, "मला तेव्हापासून शंका आहे, त्या दिवशी आमची मोजपट्टीच चुकीची असणार."

मला 'लिटमास' आठवलं. मी काही बोलले नाही.

आता प्रश्न माझ्याकडे आला. परीक्षक मी. वहीत आकडा चूक, पण वही खरी. मावसबहिणीच्या वहीत सगळं बरोबर होतं, पण त्यातलं काहीच घडलेलं नव्हतं. मार्क कशाला द्यायचे, हे बी. कॉम.ला कुणी शिकवलं नव्हतं. पण दुसरं एक शिकवलं होतं. तेरीज जुळत नसेल तर आकडा दाबायचा नाही, खाडाखोड करायची नाही. जेवढा फरक तेवढा सस्पेन्स खात्याला टाकायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. चूक कुठेतरी असते. आज ना उद्या सापडते. मी कन्येच्या वहीत 'अनुमान' या शब्दाखाली तिला लिहायला सांगितलं: अपेक्षित ९.८, आले ८.९५, फरक ०.८५, सस्पेन्स खाती जमा.

"पंच्याऐंशी पैसे," अप्पा म्हणाले. त्यांना ही पद्धत आवडलेली दिसली.

तीन दिवस ते पंच्याऐंशी पैसे घरात फिरत होते. यजमानांनी शीट उघडली. अप्पा पूजेत मध्येच थांबून छताकडे बघायचे. चौथ्या दिवशी गणपती विसर्जनाला निघाले. अप्पांनी आकड्याचा तांब्या सोडवला, तांदूळ काढले आणि घासून पाण्याने भरला. कन्या ते बघत होती. तिने एकदम तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि गळ्यापासून खाली बोट फिरवलं.

"आजोबा, झुलतं कोण? गाठ की पोट?"

मोजपट्टी आली. मोरया थांबले. गाठीपासून तांब्याच्या पोटाच्या मध्यापर्यंत नऊ सेंटिमीटर. लांबी दोरीची नव्हे, पोटापर्यंतची धरायला हवी होती. शंभर नव्हे, एकशेनऊ. पाटावरच्या देवाला तसाच ताटकळत ठेवून आम्ही चौघांनी पुन्हा गणित केलं. ९.७६.

एक्याऐंशी पैसे तांब्याच्या पोटात सापडले. अप्पांनी तिच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की तांब्यातलं पाणी सांडलं.

उरले चार. चार पैशांसाठी कुणी तेरीज अडवून धरत नाही. मी पेन घेतलं, किरकोळ खर्चाला टाकून खातं बंद करायला निघाले. कन्येने पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

"ते राहू दे, आई. अजून सापडले नाहीत."